रसदीच्या जहाजावरचा माणूस

रजेवर ते घरी येत, तेव्हा उंबऱ्याआत आधी डिझेलचा उग्र गंध शिरे, माणूस मागून. माझे पती नौदलाच्या रसदीच्या जहाजावर होते. भर समुद्रात लढाऊ जहाजांना तेल, धान्य, गोडं पाणी पोचवणारं ते जहाज. दोन जहाजं शेजारी शेजारी, एकाच वेगानं धावताहेत. मधे खवळलेलं पाणी, वर ताणलेला दोर आणि दोराला लोंबणारी नळी, हे वर्णन ते इतक्या तन्मयतेनं करीत की आमच्या जळकोटच्या तापल्या पत्र्याखाली त्यांच्या डोळ्यांत समुद्र हलताना दिसे, आणि माझं मस्तक उठे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, आभाळ मात्र तेच, कोरडंठाक. टँकर आला की झुंबड उडे. त्या वर्षीच्या रजेत ओढाताणीत टँकरची नळी फाटली आणि निम्मं पाणी धूळच प्याली. पुढच्या खेपेला हे टँकरवर चढले. जहाजावर खुणेसाठी उचलावा तसा हात उचलून त्यांनी अख्खी गल्ली थोपवली, रांग लावली आणि मला सर्वांच्या मागं उभं केलं. घरात सासूबाई तापानं फणफणलेल्या. माझी पाळी येईतो टँकर रिता.

"समुद्रात साऱ्यांला पाणी पाजा, अन् घरची घागर कोरडी ठिवा," मी म्हटलं.

"देणाऱ्यानं आधी भरून घेतलं तर रांग मोडती," ते शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाचाच मला वीट आला होता.

मग तीच घागर खांद्यावर घेऊन ते रणरणत्या उन्हात दूरच्या मळ्यातल्या विहिरीकडं गेले. तिन्हीसांजेला परतले, ओठ फुटलेले, घागर अर्धी. सासूबाईंच्या घशाखाली ते पाणी उतरलं. मी मात्र यांच्याशी बोलले नाही. तशीच त्यांची रजा संपली.

ते गेल्यावर टँकर आला, तर रांग आपसूक लागलेली. मी तडक पुढं गेले आणि नळीखाली घागर धरली. रांग बाजूला सरकली. शेजारची म्हातारी म्हणाली, "भर बाई. तुझा मालक तिकडं जगाला वाटून राहिलाय." घागर भरत होती, तीही त्यांच्याच नावावर, आणि संतापानं माझे डोळे वाहत होते.

आता ते नाहीत. काळ सर्वांत आधी राग पुसून टाकतो, असं म्हणतात. माझा त्यानं तसाच राहू दिला आहे, बहुधा या रिकाम्या घरात मला त्यांच्याशी बोलायला काहीतरी उरावं म्हणून.