आग न मानणारी माती

मुडबीच्या माळावर मुरमाखाली पांढरी माती निघायची. खरबरीत, हाताला न चिकटणारी. नुसत्या तिचं मडकं चाकावर उभं राहायचं नाही. पण काळ्या मातीत चौथा हिस्सा मिसळली की चूल तडकत नसे, आणि निजामाच्या बिदरातले कारागीर जस्त वितळवायच्या मुशी तर तिच्याशिवाय घेतच नसत. त्या मातीसाठीच नागूबाईचा नवरा सिद्धराम खाणीत उतरला आणि वरची दरड त्याच्यावर बसली. आठ दिवस गावानं उकरलं. उकरावं तेवढं ढासळायचं. शेवटी सगळ्यांनी हात टेकले.

तेव्हापासून रोज भर दुपारी, चाक थांबलं की, दारातून आवाज यायचा, "नागू, गारठलोय गं. आग दे."

दीर राघोबा म्हणाला, मनाचे खेळ आहेत. भटजी म्हणाले, अग्नी मिळाला नाही म्हणून जीव अडकलाय. दर्भाचा पुतळा करून जाळा. नागूबाईला पटेना. कुंभाराला गवताचा देह? एकदा डोक्यात घेतलं की ती ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. गाढव घेऊन खाणीवर गेली, त्याच दरडीची माती आणली, भिजवून तुडवली आणि हातभर पुतळा केला.

"वैनी, जाळायचंय तर ही माती कामून?" राघोबा कळवळला. "ही आग मानत न्हाई."

"त्यांचं अंग हाय हिच्यात, भावजी. दुसरीकडं कुठं हाय, सांगा."

राघोबा लाकडं फोडायला उठला.

पुतळा सावलीत वाळला. मग मडक्यांच्या मधोमध ठेवून राघोबानं आवा पेटवला, नेहमीपेक्षा दुप्पट लाकूड घालून. त्या दुपारी आवाज आला नाही. कितीतरी महिन्यांनी नागूबाई पोटभर जेवली आणि मग पोटभर रडली.

तिसऱ्या दिवशी आवा उघडला. भोवतीची मडकी जादा आगीनं वाकली होती, तडकली होती. पुतळा मात्र जसाच्या तसा. ना चीर, ना बाक. नखानं वाजवला तर खणकन वाजला.

त्याला पदरात घेऊन नागूबाई खाली बसली. कच्चाच तळ्यात सोडला असता तर विरघळून गेला असता, गाळ होऊन सुटला असता. कुंभाराघरचं शेंबडं पोरही हे सांगेल. आता तो पाण्यानं विरघळायचा नाही आणि आगीनं सरायचा नाही.

राघोबानं फोडायला दगड उचलला.

"थांबा," ती ओरडली. "खापर तरी आपण टाकतो व्हय? कुटून पुन्हा मातीतच घालतो. फुटून तरी कुठं सुटायलेत ते? मीच बांधून ठेवलं त्यांना, भावजी. माझ्या हातानं."

दुपार झाली होती. आवाज आला, पण दारातून नाही, पदरातल्या पुतळ्यातून.

"नागू, भाजायलंय गं. पाणी दे."

तिनं तांब्या ओतला. गार पुतळ्यावरही चर्र झालं. माती सगळं पाणी प्याली. तिनं दुसरा ओतला, तिसरा ओतला. राघोबाला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं, की वैनी रिकामी घागर उचलून आडाकडं धावायलीय.