चव्वेचाळीस सतरा

पंधरा तारखेला माझ्या कार्डावरून नव्याण्णव रुपये दोनदा गेले. एकदा का गेले ते ठाऊक होतं. जुन्या गाण्यांचं ॲप मीच चोरून घेतलं होतं. भीमजयंतीला आमचा नातू सुरज त्या ॲपची महती सांगत होता, तेव्हा बायकोसमोर मी म्हणालो होतो, "गाण्याला पैसे मोजायला मी काय नवाब हाय?" दुसऱ्या दिवशी ती चक्कीवर गेली आणि मी नवाब झालो.

कळमनुरीच्या बँकेत ज्योती बसते, माझीच विद्यार्थिनी. तिला म्हणालो, "कार्ड बंद कर. चोर लागलाय."

तिनं माझ्याच फोनवरून ॲपच्या कंपनीला विचारलं. मग हसू दाबत म्हणाली, "चोर न्हाई, सर. कार्ड एक, खाती दोन. एकाच दिवशी काढलेली. दुसऱ्या खात्याचा मोबाईल, शेवटी चव्वेचाळीस सतरा. वळखीचा हाय का?"

सदतीस वर्षं हजेरी घेतलेला मी, बायकोचा नंबर कसा विसरेन?

"मंग कार्ड बंद करू?"

"राहू दे."

घरी येताना पुसेगावला राहायचो तेव्हाचा रेडिओ आठवला. परवान्याचे पैसे मी एकटा पोस्टात भरायचो, ऐकायची सगळी गल्ली. सेल उतरले की माझी बायको शिला ते पत्र्यावर कुरडयांशेजारी वाळत घालायची. उन्हानं सेलात जीव येतो अशी आमची श्रद्धा होती. अर्ध्या गाण्यात तो जीव परत जायचा. उरलेलं गाणं शिला म्हणायची.

शिला ओसरीवर कानात वायरी घालून शेंगा सोलत होती. आता आमचं असंच. ती ओसरीवर, मी माजघरात, आपापल्या कानात.

"बँकेत काहून गेला व्हता?"

"चोर धरायला. सापडला. चव्वेचाळीस सतरा."

तिचं शेंगा सोलणं थांबलं नाही. "आन् पहिला चोर कोण?"

मी चपला काढण्यात वेळ घालवला.

"कार्ड कुठून घेतलंस?"

"चष्म्याच्या डब्यातून. तुमी दुपारी झोपता तव्हा. तुमी नवाब न्हाई म्हणलं, मंग म्या तुमाला तकलीफ दिली न्हाई."

माझं खातं बंद केलं. तिच्या फोनच्या वायरी काढल्या, तो पितळी पातेल्यात उभा केला आणि पातेलं आम्हा दोघांमध्ये ठेवलं. शेजारच्या रुक्माबाई आवाज ऐकून फाटकाशी आल्या.

दुसऱ्या कडव्यात नेट गेलं.

मी फोन हलवून पाहिला, उन्हाकडेही धरला. शिलानं माझ्या हातून काढून घेतला, शेंगांची टोपली पुढं ओढली, आणि उरलेलं गाणं म्हणायला लागली.