रतनबाईनं थांबवलेल्या गारा

भिंगारचा इसहाक ट्रकच्या स्टिअरिंगवर बसला की लडाखचं बोलायचा. लष्करात असताना त्यानं तिकडच्या बर्फातून गाड्या काढल्या होत्या, आणि ते ऐकायचं राहिलेला माणूस नेवासा फाट्यापासून नगरपर्यंत सापडला नसता. दर खेपेला बर्फ वीतभर वाढायचा.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मात्र तो गप्प होता. जालन्याला सरकी भरायला उशीर झालेला, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि आज चार वाजता भिंगारच्या चर्चमध्ये लेकीचं, हन्नाचं लग्न. लेकीचा हात धरून तिला आत न्यायचं ते बापानं. बाप पोचला नाही तर धाकटा चुलता सत्यवान नेणार होता. सत्यवान सकाळपासून बूट पुसत बसला असणार, हे इसहाकला इथूनसुद्धा दिसत होतं.

नेवासा फाट्यावर रतनबाईनं हात केला. जेऊरला बहिणीकडं निघालेली; आधीही दोनदा याच गाडीनं गेलेली, म्हणजे लडाख पाठ असलेली. कुणी बडबडत राहिलं तर झोप येणार नाही, म्हणून इसहाकनं तिला घेतलं. त्या कामात बाईनं कसूर केली नाही.

घोडेगाव मागं पडलं आणि आभाळ काळंनिळं झालं. टपावर एकदा टक्क वाजलं. मग लिंबाएवढ्या गारा कोसळायला लागल्या. समोरच्या काचेला तडा गेला. बघता बघता रस्ता, बांध, सोंगायला आलेला हरभरा, सगळं पांढरं. चाकं घसरायला लागली.

"डायवरदादा, तुमचा लडाख आला की हितं!"

"तिथलं बर्फ गुपचूप पडतं, मावशी. पिंजलेल्या कापसागत. ह्ये तर दगडं मारतंय."

"मंग लोखंड फेका भाईर. आमच्यात भाकरीचा तवा फेकत्यात अंगणात. लगीच थांबतंय."

"आख्खा ट्रक लोखंडाचा हाय. त्यो न्हाई व्हय दिसत आभाळाला?"

तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला आणि रस्त्यावर डोळे लावून बसला. मधेच बाईनं दार किलकिलं केलं, काहीतरी खणकन् वाजलं. त्याला वाटलं, गारच असणार.

थोड्या वेळानं गारा थांबल्या. रतनबाई पदर सावरून अशी बसली, जणू सगळं जग आता तिचं देणं लागत होतं.

इमामपूरच्या घाटाच्या पायथ्याशी पुढचं चाक बसलं. इसहाक उतरला, स्टेपनी काढली, जॅक लावला, पाना काढला. पाना फिरवायची टॉमी, म्हणजे हातभर लांबीचा लोखंडी दांडा, कुठंच सापडेना.

"मावशी, पायाखाली दांडा हुता न्हवं?"

"फेकला की मघाशी."

इसहाकनं पाना जॅकशेजारी ठेवला. ओरडायला ताकद लागते, ती नव्हती.

"थांबल्या का न्हाई गारा?" बाईनं विचारलं.

दोघं उलट्या दिशेनं चालत निघाली. चाकांच्या खुणांच्या कडेनं पायानं गारा उकरत. इसहाकचे पाय बधिर झाले, पापण्या मिटायला लागल्या. लडाखात त्याला कधी चालावं लागलं नव्हतं. ही गोष्ट त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती.

"गावला!" पुढून बाई ओरडली, आणि तशीच उभी राहिली.

"मंग आणा की!"

"फेकणारीनं उचलायचा न्हाई. गारा परत येत्यात."

इसहाक तेवढं अंतर चालत गेला, वाकला, दांडा उचलला. सरळ होताना त्याला हसू आलं का रडू, हे रतनबाईलाही सांगता आलं नसतं.

चाक बदलता बदलता त्यानं बाईला लग्नाचं सांगून टाकलं होतं. जेऊरला त्यानं गाडी हळू केली. "व्वा! लेकीचं लगीन हाय आन मला रस्त्यात उतरवता?" म्हणून बाई बसूनच राहिली.

भिंगारला पोचेतो चार कधीच वाजून गेले होते. चर्चमध्ये लोकांनी पाठ असलेली सगळी गीतं गाऊन संपवली होती आणि आता पहिलंच पुन्हा धरलं होतं. दारात पांढऱ्या साडीतली हन्ना, शेजारी चकचकीत बुटांतला सत्यवान, तोंड पाडून.

"आत चल म्हणून दहादा सांगितलं," तो म्हणाला. "हलंना."

"हात काळं हायत गं," इसहाक म्हणाला.

"असू द्या, बाबा."

तिनं त्याचा हात काखेत घट्ट धरला. इसहाकनं सगळा भार तिच्यावर टाकला आणि दोघं आत निघाली. मागं पायरीवर रतनबाई सत्यवानाला सांगत होती, की गारा कुणी थांबवल्या.