घ्यायला कोण आलं होतं?

फेब्रुवारी १९९८. दुपारी साडेतीनला फोन वाजला तेव्हा दीक्षा ओव्हाळ दुसऱ्या दिवशीच्या मुलाखतीची तयारी करत होती. सॉफ्टवेअर कंपनीची शेवटची फेरी होती. वारज्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन चारच महिने झाले होते. आतल्या खोलीत आई, चंद्रभागा, शिवणयंत्रावर बसली होती.

"अभय ओव्हाळांचं घर ना? कारागृहाच्या ऑफिसातून बोलतोय. आज साडेपाचला सोडतोय त्यांना. कुणीतरी या न्यायला."

"बरं," दीक्षा म्हणाली आणि फोन ठेवला.

"कुणाचा गं?" आईने आतून विचारलं.

"राँग नंबर."

अभय तिचा मोठा भाऊ. मार्केट यार्डात एका आडत्याकडे कामाला होता. गोदामातली पोती परस्पर विकणाऱ्या टोळीत सापडला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. वडिलांनी, दशरथ ओव्हाळांनी, त्या दिवसापासून त्याचं नाव घेतलं नव्हतं. पोस्टात तीस वर्षं एकही गैरहजेरी न लावलेला तो माणूस. जुन्या वस्तीतले लोक विचारतात म्हणून त्यांनी घर बदललं होतं. आई एकदाच चोरून तुरुंगात जाऊन आली. नवा पत्ता तिला नीट सांगता आला नाही, म्हणून फोन नंबर लिहून देऊन आली होती.

दीक्षाने त्या दुपारी ठरवून काही केलं असं नाही. उद्या मुलाखत आहे, बाबा संध्याकाळी घरी असतील, एवढा मोठा माणूस आहे, येईल आपला आपण, असं स्वतःला सांगत ती पुस्तकात डोकं घालून बसली. साडेपाच वाजले. सहा वाजले. मग तिने घड्याळाकडे बघणं सोडून दिलं.

अभय घरी आला नाही. नवव्या दिवशी पोलीस आले. सोलापूर रस्त्यावर चालत्या ट्रकमधून चोरीचा माल उतरवताना तो खाली पडला होता. जागीच गेला होता.

दीक्षाला नोकरी मिळाली. पुढे बाबाही गेले. आई मात्र भाजी निवडता निवडता, बसची वाट बघता बघता मध्येच विचारायची, "सुटल्यावर त्यानं एक फोनसुद्धा का केला नसेल गं?" दीक्षा दर वेळी म्हणायची, "काय माहीत." बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर होतं ते, भुताखेतांना तिथे थारा नव्हता. तरीही फोनची घंटा वाजली की दीक्षाच्या मानेवर काटा यायचा. ऑफिसात कुणाला "बरं" म्हणायची वेळ आली की तिची जीभ अडायची. ती "ओके" म्हणायची.

आठ वर्षं ती परदेशी विमा कंपन्यांसाठी एकच काम करत राहिली: कोणतं गिऱ्हाईक गाडी ठोकेल याचा आकड्यांवरून अंदाज बांधायचा. २००६ साली गुन्हेशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक रंगनाथ सर यांना असंच कुणीतरी हवं होतं. सुटलेले कैदी पुन्हा गुन्ह्याकडे का वळतात, हे शोधून धोरण सुचवण्याचं काम एका सरकारी समितीने त्यांना दिलं होतं. पैसे जवळपास नव्हतेच. दीक्षा म्हणाली, शनिवार-रविवार मी येईन. का, ते सरांनी विचारलं नाही.

सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "एक जुना सिद्धांत आहे. माणसाला शिक्षेची भीती फारशी थोपवत नाही. नाती थोपवतात. घर, काम, कुणीतरी वाट बघतंय ही जाणीव. हे धागे तुटले की माणूस मोकाट. दुसरा सिद्धांत म्हणतो, गुन्हा माणूस सोबत्यांकडून शिकतो. दोन्ही खरे असतील तर तुरुंगातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही तास फार महत्त्वाचे. पण तेवढ्याच तासांकडे सरकारचं लक्ष नसतं."

प्रश्नावलीत त्यांनी एकतिसावा प्रश्न घातला: सुटलात त्या दिवशी तुम्हाला घ्यायला कोण आलं होतं? दीक्षाने तो टाइप केला आणि पाणी प्यायला उठून गेली.

मुलाखती विद्यार्थी घेत होते. एकदा त्यांच्यातली पूर्वा तापाने आजारी पडली आणि तिच्या वाटची मुलाखत दीक्षाकडे आली. कसबा पेठेत कुकर-स्टो दुरुस्तीचं दुकान होतं. चालवणारा हमीद, चाळिशीचा, चष्मा कपाळावर. शेजारच्या पायरीवर त्याची आई नसीम लसूण सोलत होती.

तीस प्रश्न सरळ पार पडले. मग एकतिसावा.

"अम्मी आली होती," हमीद म्हणाला. "डबा घेऊन. चार वाजल्यापासून उभी होती. माझ्याबरोबर त्या दिवशी अजून एक सुटला. अभय. आमच्याच बराकीतला. त्याचं लिहिणार का?"

दीक्षाचं पेन थांबलं. "सांगा."

"आम्ही त्याला म्हटलं, चल रिक्षात, सोडतो तुला. तो म्हणाला, नको, माझी बहीण येतेय. ऑफिसातल्या क्लार्कनं त्याला सांगितलं होतं ना, बहिणीनं फोन उचलला, बरं म्हणाली. दहा वेळा सांगितलं त्यानं आम्हाला. बरं म्हणाली, बरं म्हणाली. अम्मीनं आग्रह केला म्हणून आमच्यातली अर्धी भाकरी खाल्ली. समोर पीसीओ होता. मी म्हटलं, घरी फोन तरी लाव. तर म्हणतो, आता लावून काय उपयोग, ती निघाली असेल, वाटेत असेल."

पायरीवरून नसीम म्हणाली, "अंधार पडेपर्यंत आम्ही थांबलो, बेटी. मग मलाच थंडी सोसेना."

"आम्ही निघालो तेव्हा त्याच्या जुन्या सोबत्यांची गाडी येऊन उभी राहिली होती," हमीद म्हणाला. "त्यांना बरोबर वेळ माहीत असते. तो लगेच बसला नाही हां. रस्त्याकडं बघत उभा होता. पुढचं मला नंतर कळलं." त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. "त्या बहिणीला काय झालं असेल, अल्ला जाणे. एखादी अडचण आली असेल. कुणी मुद्दाम थोडंच असं करतं?"

दीक्षाने उत्तरासमोर लिहिलं: आई. हमीदची सही घेतली. मंडईपर्यंत ती चालत आली आणि तिथे एका बंद दुकानाच्या फळीवर बराच वेळ बसून राहिली.

त्यानंतर अभय तिला दिसायला लागला. सिग्नलला, बसथांब्यावर, कंपनीच्या फाटकापाशी, येणाऱ्या प्रत्येक वाहनात डोकावून बघणारा कुणीतरी. तो कधी रागावलेला नसायचा, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

तक्ते तयार झाले. एकूण चारशे बारा माणसं. घरचं कुणी न्यायला आलेले एकशे एकाहत्तर. त्यांतले चोवीस तीन वर्षांत पुन्हा पकडले गेले. कुणीच न आलेले एकशे अठ्ठावन्न, त्यांतले पंचावन्न. जुने सोबती आलेले त्र्याऐंशी, त्यांतले सत्तेचाळीस. दीक्षाने आकडे तीनदा तपासले. चूक निघाली असती तर तिला हवी होती.

"घाईने निष्कर्ष काढायचा नाही," सर म्हणाले. "घरचे आले म्हणून माणूस सावरतो, की मुळात सावरण्यासारख्यांनाच घरचे घ्यायला येतात? तक्ता हे सांगत नाही. करून बघावं लागेल."

समितीच्या बैठकीत अनंत नावाचे एक वरिष्ठ अधिकारी अहवाल चाळत म्हणाले, "म्हणजे आता सरकारने फाटकावर हारतुरे घेऊन उभं राहायचं का? सनई-चौघडाही लावू."

सरांनी दीक्षाकडे पाहिलं. ती उभी राहिली.

"हार नकोत, साहेब. तीन गोष्टी. सुटका संध्याकाळी न करता सकाळी दहाला करायची, म्हणजे दिवसभर बस मिळतात. तीन दिवस आधी घरी पत्र पाठवायचं. फोनही करायचा, पण एकाला नाही, घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांना. आणि कुणीच आलं नाही तर प्रोबेशन अधिकाऱ्याने स्वतः माणसाला त्याच्या घरापर्यंत पोचवायचं."

"दोघांना कशाला? एकाने उचलला की निरोप पोचला."

"नाही पोचत. उचलणारा सांगत नाही."

"असं कोण करतं हो?"

"करतात," दीक्षा म्हणाली. आणि ती खाली बसली. अनंत साहेबांनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि पुढचा टोमणा मारला नाही. एका कारागृहात वर्षभर प्रयोग करावा, असं ठरलं.

त्याच संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आई पोळ्या लाटत होती.

"आई, त्या दिवशी फोन आला होता. तुरुंगातून. मी घेतला."

लाटणं थांबलं. "किती वाजता?"

"साडेतीनला."

"मी घरीच होते की."

"हो. कुणाचा म्हणून तू विचारलंस." मग हमीदकडून ऐकलेलं सगळं दीक्षाने सांगितलं.

आईने गॅस बंद केला. हात धुतले, पुसले, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. चार दिवस ती दीक्षाशी एक शब्द बोलली नाही. स्वयंपाक करायची, झाकून ठेवायची आणि एकटी जेवायची. पाचव्या दिवशी चप्पल घालता घालता तिने विचारलं, "तो हमीद कसब्यात कुठं बसतो?"

"मी येते बरोबर."

"नको. तू नको."

दीक्षाने पत्ता सांगितला. आई दिवस मावळायला परत आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने तेव्हा सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही. कामापुरतं बोलणं सुरू झालं, पण जेवायला ती एकटीच बसत राहिली.

प्रयोगाचं वर्ष संपलं. न्यायला कुणीच आलं नाही अशी माणसं निम्म्याने कमी झाली. पुन्हा पकडले गेलेल्यांचा आकडाही उतरला. फार नाही, पण सरांना मान्य होईल इतका. परिपत्रक आणखी दोन कारागृहांना लागू झालं. उरलेल्यांची फाईल मंत्रालयात फिरत राहिली. दीक्षाने कंपनी सोडली आणि पगार निम्मा घेऊन सरांकडे पूर्णवेळ काम धरलं.

अहवाल छापून आला तेव्हा तिने एक प्रत आईसमोर ठेवली. आईने वरून हात फिरवला, पण उघडला नाही.

"चांगलं काम केलंस," ती म्हणाली. "लोकांच्या पोरांचं भलं होईल. पण माझ्यासमोर वाचू नकोस."

दीक्षा "बरं" म्हणाली. कित्येक वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून गेला, आणि दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. मग आई उठून ताटं घ्यायला गेली. तिने दोन ताटं वाढली.