पस्तीस मिनिटांवर

सुनीती लर्विकच्या हॉस्पिटलात भूल द्यायची आणि तिचा नवरा गिरीश कर्कवॉलच्या हॉस्पिटलात सर्जन होता. स्कॉटलंडच्या पार उत्तरेला, समुद्रातल्या दोन बेटांवरची ही दोन गावं. मधे शंभरेक मैल अंतर आणि विमानाची पस्तीस मिनिटं. लंडनमधल्या स्टॅनमोरला राहणारी तिची वैजयंतीमावशी हे ऐकून हसलीच होती. एवढ्या वेळात ती ऑफिसलासुद्धा पोचत नसे. सुनीतीलाही तेव्हा ते जवळच वाटलं होतं. म्हणूनच इंग्लंडात कॉव्हेंट्रीत दोघांना मिळत असलेल्या नोकऱ्या तिनं नाकारल्या. तिथं तिला एक पायरी खाली उतरावं लागणार होतं.

पण ती पस्तीस मिनिटं हाती लागतील तर ना! दोघांच्या सुट्ट्या जुळल्या तर वारा सुटायचा, वारा पडला की धुकं यायचं. मे महिन्यात ती दोनदा एअरपोर्टवरूनच परत फिरली होती.

अठ्ठ्याऐंशी सालच्या जूनमधल्या त्या शनिवारी ती तीस तासांची ड्युटी संपवून तशीच बसमध्ये चढली. गावापासून एअरपोर्ट पंचवीस मैल. तिथं पोचली तर धावपट्टीच दिसत नव्हती. काउंटरवरची बाई दर वेळी आणखी अर्धा तास म्हणायची. बोलावणं आलेलं कळायचं नाही या भीतीनं सुनीतीनं डोळेही मिटले नाहीत. नऊचं विमान दोनला सुटलं.

कर्कवॉलला गिरीश सकाळपासून थांबला होता. घरी पोचेपर्यंत तीन वाजले. रविवारी सकाळी पुन्हा ड्युटी असल्यानं तिला साडेपाचच्या विमानानं परतायचं होतं. त्यानं पिठलं-भात केला होता. चार घास खाल्ले, गिरीश ताटं ठेवायला आत गेला आणि ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली.

त्यानं हलवून उठवलं तेव्हा पावणेपाच झाले होते.

"उठवलं का नाहीस मला?"

"दोनदा हाक मारली. मग नाही मारवली."

सहा आठवड्यांनी झालेली भेट झोपेत गेली. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा, आणि मग तेवढंही त्राण उरलं नाही. दोघं गाडीत बसून निघाली. एअरपोर्टचं वळण आलं तशी ती म्हणाली, "कॉव्हेंट्रीला पत्र टाकते मी. जागा असली तर."

"खालच्या पोस्टवर जाशील?"

"जाईन."

त्यानं गाडी कडेला घेतली. तिनं आता झोपेत बोलू नये, नीट विचार करून सांगावं, असं तो म्हणत राहिला. शेवटी ती म्हणाली, "गिरीश, मी फार दमलेय रे."

जागा होती. सप्टेंबरात दोघं कॉव्हेंट्रीला आली. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान असलेला डॉक्टर तिला कामं सांगू लागला, ते तिला लागायचं. पहिल्या शुक्रवारी ती घरी येऊन कोटासकट खुर्चीत बसली. दहा मिनिटांनी गिरीश आला आणि तोही तसाच बसला. चहा कुणी करायचा यावरून दोघांचं चांगलं अर्धा तास भांडण झालं.