घरातलं एक निरोगी पोर

उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन हजार चारशे एकोणीस नळ्या होत्या. त्यांतल्या बारा तडकलेल्या, सात नळ्यांवरची चिठ्ठी गळून पडलेली. उरल्या बरोबर चोवीसशे. वीस वर्षांपूर्वी जी मुलं पहिलीत होती, त्यांच्यातल्या एकेकाच्या रक्तातलं थोडंसं पिवळसर पाणी एकेका नळीत गोठून बसलं होतं.

मोजणी तिने एकटीने केली, आणि दोनदा केली. प्रयोगशाळेत तिला सगळे दशांश म्हणत. मुळात हे नाव तिच्या ताईने ठेवलेलं. "साधं 'बराच वेळ' म्हणायला तुला कुणी शिकवलंच नाही का गं, दशांश?" असं ताई एकदा फोनवर ओरडली, ते शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं आणि नाव कायमचं चिकटलं.

काम सांगायला सोपं होतं. देशात लहान मुलांचा मधुमेह वाढतोय, असं दवाखान्यांतले आकडे सांगत होते. पण आजारच वाढला, की डॉक्टरांना तो आता जास्त ओळखू येतो, हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. रक्त मात्र डॉक्टरांच्या हुशारीवर अवलंबून नसतं. हा मधुमेह दिसायला लागण्याच्या कितीतरी आधी शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटतं आणि त्याच्या खुणा रक्तात सापडतात. अशा चार खुणा ठाऊक आहेत. त्यांतल्या दोन किंवा जास्त सापडल्या, की ते मूल आज ना उद्या इन्सुलिनवर जाणार. तेव्हाच्या चोवीसशे मुलांत अशी किती होती आणि आताच्या चोवीसशेत किती आहेत, एवढंच बघायचं होतं.

आताचे नमुने शाळांमधून आले. अगदी शेवटी तीन पालकांनी माघार घेतली आणि तीन नळ्या कमी पडल्या.

"पुन्हा शाळेची परवानगी काढायची म्हणजे वर्ष जाईल," विभागाच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "आपल्यापैकी कुणाच्या घरी पहिलीतलं निरोगी पोर नाही का? आणा की तिघं जण."

दशांशने ताईच्या मुलीला आणलं. ही मुलगी जागच्या जागी गरागरा फिरायची; स्वयंपाकघरात, पायऱ्यांवर, दात घासतानासुद्धा. म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. सुई टोचताना ती रडली नाही. "मावशी, हे रक्त परत देणार का?" एवढंच तिने विचारलं.

संमतीच्या कागदावर लिहिलं होतं की कुठल्याही मुलाचा निकाल घरी कळवला जाणार नाही. ताईने तो न वाचता सही ठोकली. "तू आहेस ना, मग मी कशाला डोळे फोडून घेऊ?"

भिंगरीचा नमुना दोन हजार तीनशे अठ्ठ्याण्णवावा.

जुन्या नळ्यांत सात मुलं सापडली, हजारी जेमतेम तीन. नव्या नळ्या तपासायला अडीच महिने लागले. प्लेटमधल्या बारीक खळग्यांत रक्ताचा थेंब घालायचा, वर औषध सोडायचं, आणि खूण असेल तर खळगा पिवळा व्हायचा. शेवटची प्लेट लागली तेव्हा पंधरा मुलं झाली होती. त्या प्लेटमध्ये एकाच नमुन्याचे खळगे पिवळे झाले. तिने क्रमांक पाहिला. दोन हजार तीनशे अठ्ठ्याण्णव.

ती चाचणी तिने पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा. चारपैकी तीन खुणा, तिन्ही वेळा. मग तिला वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असेल. नंतरची नळी कोपऱ्यातल्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या मुलाची होती. हा गोरागोमटा, बोबडा मुलगा तिने पाहिला होता. त्याचंच असू दे, असं तिच्या मनात आलं, आणि आलेला विचार तिने हाकलला नाही. तिने दोन्ही नळ्यांचे रक्तगट काढले. त्याचा ओ होता. अठ्ठ्याण्णवाव्या नळीतला बी निघाला. भिंगरीचा बी आहे हे तिला भिंगरी जन्मली त्या दिवसापासून ठाऊक होतं.

मॅडमनी कागद बघून चष्मा काढला. "सांगायचं नाही, हा नियम तूच टाइप केला होतास."

"माझी भाची आहे ती."

"हो गं. पण सांगून देणार काय आहेस? हे थांबवणारं औषध आपल्याकडे आहे का?"

"नाही. पण तहान वाढली, लघवी वाढली, तर त्यांना लगेच कळेल. बेशुद्ध होईपर्यंत थांबणार नाहीत."

"मग बाकीच्या पंधरा घरी कोण जाणार?"

शाळांतल्या मुलांची नावं क्रमांकांपासून कधीच तोडून टाकली होती. ती पंधरा मुलं कुठल्या घरांत पाणी पीत होती, हे आता जगात कुणालाच शोधता येणार नव्हतं.

"आणि अजून एक," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "घरची मुलं नमुन्यात धरणं चुकीचंच होतं. माझीच चूक. तिन्ही काढून टाक."

तिने तिन्ही काढली. तेवीसशे सत्त्याण्णव मुलांत पंधरा, हजारी सहा पूर्णांक तीन. भिंगरी त्या आकड्यात नव्हती.

रविवारी दुपारी ती ताईकडे गेली. भिंगरी बाहेरच्या खोलीत फिरत होती, फ्रॉकचा घेर छत्रीसारखा फुललेला. ताई ओट्यापाशी भांडी पुसत होती. दशांशने सगळं एका दमात सांगितलं.

ताई आधी हसली. "अगं, आपल्यात कुणाला आहे? आजीला नाही, आईला नाही. तुझ्या भावोजींच्या घरी तर शंभर वर्षं जगतात."

"याला घराणं लागत नाही, ताई."

"मी तिला गोड बंद करते. आजपासून."

"गोडाने होत नाही हे."

"मग कशाने होतं?"

"माहीत नाही."

ताईने हातातलं ताट खाली ठेवलं. "वीस वर्षांत दुपटीने वाढलं म्हणतेस, आणि कशाने ते माहीत नाही? मग इतकी वर्षं तिथे बसून करता काय तुम्ही?"

"मोजतो."

"कधी होणार ते तरी मोजलंय?"

"दहा वर्षांत दहातल्या सात मुलांना होतं. तिला तीन खुणा आहेत, म्हणून जरा..."

"बस! एक आकडा काढलास तर याद राख." ताईचा आवाज फाटला. "तू बघितलंच नसतंस तर?"

"तरी असतंच गं."

"असतं. पण माझ्या घरात नसतं."

बाहेर फिरायचा आवाज थांबला होता.

आठवड्यातून एकदा बोट टोचून साखर बघायची, असं ठरलं. भिंगरीने यंत्राचं नाव 'डास' ठेवलं. "आला मावशीचा डास," म्हणत ती बोट पुढे करायची. एकशे दोन. अठ्ठ्याण्णव. एकशे सात. प्रत्येक वेळी आकडा उमटेपर्यंत ताई भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहायची. चार महिन्यांनी तिने यंत्र उचलून बहिणीच्या हातात दिलं.

"पुरे झालं. आकडा बरा आला तरी रात्रभर झोप लागत नाही मला. पाण्यावर लक्ष ठेवायचं ना? ते मी ठेवीन, डोळ्यांत तेल घालून ठेवीन. सुई या घरात नको."

दशांशने वाद घातला, मग सोडला. यंत्र मात्र ती पर्समध्येच ठेवत राहिली.

ताईने शब्द पाळला. भिंगरीने पेला उचलला की ताईचं बोलणं अर्ध्यात थांबायचं. दुसऱ्यांदा उचलला की तिचा चेहरा उतरायचा. "आत्ताच प्यायलीस ना गं? खूप तहान लागलीये का? खरं सांग." मग कपाळाला हात, मग बहिणीला फोन, मग संध्याकाळभर अबोला. उन्हाळाभर हेच चाललं. पावसाळ्यानंतर ताईचे फोन कमी झाले. "नॉर्मल आहे सगळं. जेवताना एक पेला, शाळेतून आली की एक. वर घोटभर नाही," ती मोठ्या अभिमानाने सांगायची.

दशांशचा शोधनिबंध स्वीकारला गेला त्या आठवड्यात ती ताईकडे जेवायला गेली. भिंगरी खुर्चीवर बसलेली होती. नुसती बसलेली. फ्रॉकचा गळा खांद्यावरून घसरत होता.

"उंच होतेय, म्हणून बारीक दिसते," ताई म्हणाली.

"आज फिरत नाहीयेस का गं?"

"नको. पाय दुखतात, मावशी."

हात धुवायला दशांश न्हाणीघरात गेली. बेसिनखाली स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल होतं. नळाच्या मागे, टॉवेलच्या आड, दात घासायचा पेला लपवलेला होता. आतून ओला. ती तिथेच उभी होती तेवढ्यात दार ढकलून भिंगरी आत आली, मावशीला बघून दचकली आणि परत फिरायला लागली.

"थांब. हा पेला तुझा?"

भिंगरीने मान खाली घातली. "आईला सांगू नको. मी पाणी प्यायले की ती रडते."

"कधीपासून पितेस इथे?"

"शाळेत सहल गेली होती ना, त्याच्या आधीपासून."

तिला जवळ घ्यायला दशांश खाली वाकली. पोरीच्या श्वासाला वास येत होता. प्रयोगशाळेत काचा पुसायला ज्या बाटलीतलं अॅसिटोन घेतात, तोच गोडसर, डोक्यात जाणारा वास.

"ताई!" तिने हाक मारली. "चप्पल घाल. दवाखान्यात जायचंय."

ताई पदराला हात पुसत दारात आली. तिने स्टूल पाहिलं, पेला पाहिला. ती खाली बसली, तिथल्या ओल्या फरशीवरच.

दशांशने पर्समधून यंत्र काढलं. भिंगरीने सवयीने बोट पुढे केलं, पण डासाचं काही बोलली नाही. थेंब पट्टीने ओढून घेतला. पाच सेकंदांनी आकडा उमटला.

पाचशे सव्वीस.