हेमांगीचं यीस्ट आणि मी ऊबपेटी

मित्रांनो, बोईसरच्या एका कॉलेजात खिडकीखाली उभी असलेली जुनी ऊबपेटी म्हणजे मी. वहीत मला इनक्युबेटर म्हणतात. तीस अंशांची ऊब धरून ठेवायची एवढंच माझं काम, पण ते मी बावीस वर्षं इमानेइतबारे केलं. काय दिवस होते ते! मला हात लावायला मुलं रांग लावायची. थंडीत प्रयोगशाळेच्या ठकीमावशी सरांची नजर चुकवून इडलीचं पीठ माझ्यात ठेवायच्या, आणि ते हमखास फुगायचं. पुढे माझा रंग उडाला, आणि काहीही बिघडलं की बोट माझ्याकडे वळू लागलं.

यंदा समुद्रकाठच्या दांडी गावची हेमांगी यीस्ट वाढवायच्या काचेच्या बशा घेऊन आली. यीस्टच्या पेशीत जनुकाजवळ एक प्रथिन मुकादमासारखं बसून असतं. दुसरं एक प्रथिन त्याला दाबून धरतं. गॅलॅक्टोज नावाची साखर आली की ती पकड सुटते, मुकादम हाक देतो आणि जनुक कामाला लागतं. हेमांगीच्या यीस्टमध्ये अशी सोय केली होती की जनुक जागं झालं तर बशीत वाढलेले यीस्टचे ठिपके निळे दिसावेत. सोमवारी पालघरच्या स्पर्धेत तिला ते दाखवायचे होते.

शनिवारी बशा बाहेर काढल्या. ठिपके चांगले गुबगुबीत, पण पांढरेफटक.

"या पेटीनंच घात केला," पुंडलिक सर वैतागले. "सोमवारी हिला भंगारात काढा."

अहो, ऊब कमी पडली असती तर ठिपके एवढे वाढले असते का? पण मला कोण विचारतो!

हेमांगी वही चाळू लागली आणि तिचा चेहरा उतरला. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता.

"सर, पेटीची चूक नाय. मीच ग्लुकोज घातलंय, चमचाभर."

"कशाला?"

"आमच्या घरी कामावर जाणाऱ्याला उपाशी नाय पाठवत. बाबा होडीवर निघाले की आई काय ना काय खायला घालतेच. मला वाटलं, ही नवी साखर यांना जमेपर्यंत थोडं खाऊ दे."

सरांना हसावं की रागवावं कळेना. "अगं, आयतं ग्लुकोज ताटात असताना यीस्ट गॅलॅक्टोजच्या खटपटीत पडेल कशाला? ते जनुक बंदच ठेवणार. आता सोमवारपर्यंत नव्या बशा व्हायच्या नाहीत, स्पर्धेतून तुझं नाव काढावं लागेल."

"काढा, सर. पण हिला नका काढू."

तिनं नुसत्या गॅलॅक्टोजच्या नव्या बशा माझ्यात ठेवल्या. स्पर्धा सोमवारी झाली, तिच्याविना. बुधवारी ठिपके निळेशार झाले. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. तिनं एक बशी उजेडात धरली आणि मला म्हणाली, "बघ गं, जागं झालं."

मित्रांनो, जुन्या यंत्राला नावं ठेवण्याआधी एकदा आपली वही उघडून बघा. आम्हांला आमची बाजू मांडता येत नाही. कुणाला तरी आपलं नुकसान सोसून ती मांडावी लागते. बावीस वर्षांत माझ्यासाठी तसं बोललेली हेमांगी पहिलीच, आणि येत्या जूनमध्ये तीही कॉलेज सोडून जाणार आहे.